पाणी कुठे लिहिलंय?

(फैजपूर इथे परिसरातल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. छापताना थोडी काटछाट केली आहे.)

आजच्या मेळाव्यात कशावर बोलणार, असं मला फोनवर विचारलं गेलं, तेव्हा मी म्हटलं, पाककृती कशी लिहायची यावर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ताई म्हणाल्या, "अगं, बाईला चुलीपासून सोडवायचं म्हणून आपण इतकी वर्षं बोलतोय, आणि तू तिला परत तिथेच नेऊन बसवणार?"

त्यांची शंका रास्त आहे. पण चूल अजून बाईकडेच आहे. केंद्र सरकारने २०२४ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष असं काम करतात ते ८८ मिनिटं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास. हे पाच तास कुठे जातात ते आपल्याला माहीत आहे. पण कागदावर ते कुठे दिसतात? हा प्रश्न मला एका आजींनी शिकवला, आणि तोही माझी चूक झाल्यावर. ती चूक आधी सांगते.

आमच्या कामातल्या एका बचत गटाने बिबडे करून विकायचं ठरवलं. गटात एक आजी आहेत. त्यांच्या हातचे बिबडे पातळ, तळले की फुलणारे, आणि वर्षभर टिकणारे. मी समाजकार्यात एम.ए. केलेली. तक्ते, नमुने, अहवाल यांची मला सवय. मी वही घेऊन आजींच्या ओट्यावर बसले आणि म्हटलं, "सांगा आजी, साहित्य काय काय?"

आजींनी साहित्यापासून सुरुवातच केली नाही. त्या म्हणाल्या, आभाळ नसलं पाहिजे. मग म्हणाल्या, नळाला पाणी कधी येतं ते बघून ज्वारी भिजत घालायची, कारण पाणी रोज बदलावं लागतं. ज्वारी जुनी की नवी ते बघायचं, जुनी जास्त पाणी पिते. मग पाणी लावून कांडायचं, कोंडा काढायचा, तीन दिवस भिजवायचं, धुवायचं, सावलीत सुकवायचं, दळून आणायचं. पहाटे उठून मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं, तीळ, जिरं, लसूण-मिरची, मीठ घालायचं, पीठ सोडून घाटा शिजवायचा. ऊन चढायच्या आत ओल्या धोतरावर ओल्या हाताने बिबडे थापायचे, आणि वाळले की धोतराला मागून पाणी लावून ते अलगद सोडवायचे.

मी हे सगळं घरी नेलं आणि 'नीट' लिहिलं. वर 'साहित्य' : ज्वारी, मीठ, तीळ, जिरं, लसूण, मिरची. खाली 'कृती' : सहा ओळी. कागद छान दिसत होता. दुसऱ्या दिवशी गटात वाचून दाखवला. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ताई, यात पानी कुठी हाये?"

मी हसले. म्हटलं, "आजी, पाणी काय लिहायचं? ते तर असतंच."

पुढे काय झालं ते ऐका. आजी महिनाभर लेकीकडे गेल्या. दोघी तरुण बायकांनी माझ्या कागदावरून दहा किलोचा घाट घातला. घाटा सैल झाला. निम्मे बिबडे धोतरावरून सुटताना तुटले. आणि जे चांगले निघाले त्यांची किंमत आम्ही त्याच कागदावरून काढली. साहित्याच्या यादीतल्या जिनसांचे भाव मांडले, वर थोडा नफा धरला. माल संपला, पैसे आले, सगळ्या खूश. मग एकीने विचारलं, "आपल्या प्रत्येकीच्या हाताला काय आलं?" तेव्हा आम्ही पहिल्यांदा तास मोजले. निवडणं आणि कांडणं, तिघी तीन-तीन तास : नऊ. पाणी बदलणं, दोन. दळण नेणं, रांगेत थांबणं, आणणं, तीन. थापायच्या दिवशी चौघी पाच-पाच तास : वीस. सोडवणं, उलटणं, पाकिटं भरणं, दोघी तीन-तीन तास : सहा. एकूण चाळीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर पाच रोज. हाताशी उरलेले पैसे त्या पाचांत वाटले, तर केळीच्या बागेत मिळणाऱ्या रोजाच्या निम्मेही पडले नाहीत. जळण तर आम्ही धरलंच नव्हतं. कपाशीच्या काड्या घरच्याच, म्हणून फुकट.

मैत्रिणींनो, पाणी 'असतंच', जळण 'असतंच', तसे बाईचे हातही 'असतातच'. जे असतंच ते कुणी लिहीत नाही, आणि जे लिहिलं नाही त्याची किंमत कुणी देत नाही. माझ्या कागदाने घरात नवरा आणि सासू जे करतात तेच केलं होतं.

मग मला प्रश्न पडला, 'साहित्य' आणि 'कृती' असा घाट आला कुठून? आपल्याला वाटतं पाककृती अशीच लिहायची असते. तसं नाही. हा घाट कुणीतरी कधीतरी पाडलेला आहे.

मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ साली छापलं गेलं. म्हणजे रांधणाऱ्या बायका, आणि सुरुवातीच्या छापील पुस्तकावर नाव पुरुषाचं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. विलायतेत एलायझा ॲक्टन या बाईंनी १८४५ साली कृती संपल्यावर जिनसांची आणि मापांची वेगळी यादी द्यायला सुरुवात केली. पुढे १८६१ साली इझाबेला बीटन यांच्या जाडजूड पुस्तकाने ती यादी उचलून वर नेली. आज आपण जो घाट वापरतो तो हाच. आणि त्या बीटनबाईंच्या पुस्तकातल्या कितीतरी पाककृती दुसऱ्यांच्या पुस्तकांतून, ॲक्टनबाईंच्याही, नाव न सांगता घेतलेल्या होत्या. यादी नेटकी झाली, पण जिच्याकडून ती आली तिचं नाव गळालं.

यादी वर असण्याचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. बाजारात जाताना ती उपयोगी पडते. घरात काय आहे, काय नाही ते एका नजरेत कळतं. पण त्या यादीत सगळं आधीच निवडलेलं, भिजवलेलं, दळलेलं, भाजलेलं असतं. 'भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट एक वाटी' असं लिहिलं की झालं. शेंगा कुणी फोडल्या, दाणे कुणी भाजले, सालं कुणी पाखडली? काम जिथे सुरू होतं त्याच्या कितीतरी पुढे ही यादी सुरू होते.

दुसरे घाटही आहेत. अमेरिकेत अर्मा रॉमबाउर या विधवा बाईंनी 'जॉय ऑफ कुकिंग' हे पुस्तक १९३१ साली स्वतःच्या पैशांनी छापलं. त्याच्या १९३६ सालच्या आवृत्तीत त्यांनी वरची यादीच काढून टाकली. जी जिन्नस ज्या पायरीला लागते तिथेच तिचं नाव आणि माप. आता आठवा, आजी मला अगदी असंच सांगत होत्या. आधण, मग मीठ, मग पीठ. मीच ते मोडून दोन कप्प्यांत भरलं.

आता मापांचं बघू. आपली मापं अंगावरची : चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, बोटाचं पेर. ज्या हाताने शिकवलं त्या हाताजवळ बसून शिकलं तर ती चालतात. हात गेला की माप गेलं. जुन्या वह्यांत शेर, पायली, तोळे असतात. शेर तर गावागणिक वेगळा होता. ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलोग्रॅमची पद्धत लागू व्हायला लागली आणि आजीची वही नातीला वाचता येईना. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, हे वहीच्या कोपऱ्यात कुणी लिहून ठेवलं असतं तर वही जिवंत राहिली असती. मग १९७० साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. त्यांनी वाटी आणि चमचा ही माप धरली. तराजू नसलेल्या घरातली नवी सून ते पुस्तक उघडून स्वयंपाक करू शकली. सासूच्या 'अंदाजाने घाल गं' या धाकातून कितीजणी सुटल्या असतील!

म्हणून मी म्हणते, लिहिणं हे काही वाईट नाही. 'अंदाज' हे मोठं ज्ञान आहे, पण घराघरात ते सत्तेचं साधनही झालेलं आहे. सुनेला माप सांगायचंच नाही, आणि चुकली की बोलायचं. लिहिलेल्या मापाने तरुण बाईला आधार दिला. तेव्हा लिहायचंच आहे. फक्त काय लिहायचं आणि कुणाच्या नावाने, ते ठरवू या.

आणखी एक घाट आपल्या सगळ्यांच्या हातात रोज येतो. तो म्हणजे पाकिटावरची यादी. तुम्ही गटाचा माल पाकिटात घालून विकता तेव्हा अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे घटक पदार्थ छापावे लागतात, जे वजनाने सगळ्यात जास्त ते आधी, मग त्याहून कमी ते, अशा उतरत्या क्रमाने. आणि त्याच नियमात असंही आहे की, करताना जे पाणी उडून जातं ते छापायची गरज नाही. हे मी वाचलं आणि मला आजी आठवल्या. खाणाऱ्याच्या दृष्टीने नियम बरोबर आहे, वाळलेल्या बिबड्यात ते पाणी राहत नाही. पण करणारीच्या दृष्टीने? ते पाणी तिने डोक्यावरून आणलेलं असतं. पाकिटाची यादी गिऱ्हाइकासाठी असते. तीच आपण आपल्या हिशेबाला वापरली तर आपण बुडणार.

कुणाचं लिहायचं, हाही प्रश्न आहेच. छापील पुस्तकांतली 'महाराष्ट्रीय' थाळी बराच काळ ठरावीक घरांतली होती. आपलं भरीत, कळण्याची भाकरी, फुनके, डुबुक वडे त्यात यायला वेळ लागला. आणि आपल्यातही ज्यांना गावाबाहेर ठेवलं त्यांचं अन्न तर त्याहून उशिरा कागदावर आलं. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलित घरांतल्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास यांचं पुस्तक काढलं. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. आपल्या गटाच्या वहीत सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी बाईची पाककृती आहे का, बौद्धवाड्यातल्या मावशींची आहे का, हे आजच घरी जाऊन बघा. आमच्या वहीत नव्हती. वही ज्या घरी ठेवलेली होती तिथे त्या दोघी कधी आत आल्याच नव्हत्या. आता वही ओट्यावर, सगळ्यांसमोर लिहितो.

आता नावाकडे येते. आजी लेकीकडून परत आल्या. तुटलेल्या बिबड्यांचा चुरा त्यांनी पाहिला. काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या बैठकीला आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "माझं होतं ते तू लिहून नेलं. आता माझं काय काम?" त्या कागदावर गटाचं नाव होतं, माझा फोन नंबर होता, आजींचं नाव कुठेच नव्हतं. मला मान वर करता आली नाही.

आपण ज्या मुलखात बसलो आहोत तिथे याचं उत्तर फार पूर्वी मिळालेलं आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. १८८० साली जन्मल्या, १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामाच्या रगाड्यात त्यांनी जे रचलं ते त्यांचा मुलगा सोपानदेव आणि जवळच्या नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवलं. १९५२ साली पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते, पण पुस्तक निघालं ते बहिणाबाईंच्या नावाने. लिहून घेणाऱ्याने आपली जागा लिहून घेणाऱ्याचीच ठेवली. मी आजींच्या बाबतीत एवढंही केलं नव्हतं.

आणि फैजपूरबद्दलही एक बोलते. १९३६ सालच्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी होते, ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं, नंदलाल बोस यांनी सजावट केली होती. हे आपण पोरांना अभिमानाने सांगतो. पण एवढी माणसं जेवलीही असतील ना? ठराव कागदावर उतरले. भाकऱ्या कुणी कागदावर उतरवल्या? आपल्या पणज्यांपैकी कुणी तेव्हा पीठ दळलं असेल, तर ती गोष्ट घरात विचारून लिहून काढा.

असो. आम्ही आजींकडे परत गेलो, सगळ्या मिळून. पुन्हा लिहिलं. या वेळी घाट आम्ही ठरवला. त्याचे पाच भाग आहेत, ते सांगते.

पहिला भाग : कुणाकडून. सांगणारीचं नाव, गाव, आणि तिला कुणी शिकवलं तिचं नाव. हे सगळ्यात वर.

दुसरा : काय आणि किती, पाण्यासकट आणि जळणासकट. माप आणि वजन दोन्ही. आमच्या कळण्याच्या पिठाला कुणी चार मापं ज्वारीला एक माप उडीद म्हणे, कुणी तिनाला एक. दोन्ही लिहिलं, नावानिशी. माप कुठलंही असो, भांडं मात्र एकच ठरवलं आणि त्यावर खूण केली.

तिसरा : कृती, आजींच्या क्रमाने. वस्तू जिथे लागेल तिथेच.

चौथा : खूण. ओलं बोट लावलं तर घाटा चिकटत नाही, म्हणजे झाला. जुनी ज्वारी असेल तर पाणी वाढवा. आणि बिघडतं कसं, तेही. सैल झाला तर सुटताना तुटतो, हे आमच्या पैशांनी शिकलेलं आहे, ते लिहिलं.

पाचवा : हात आणि वेळ. किती जणी, किती तास. किंमत काढताना हा भाग आधी वाचायचा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तांब्याचं चित्र काढून रेघा मारल्या : इतके तांबे पाणी. आजींचं बोलणं मोबाईलवर त्यांच्याच आवाजात भरून ठेवलं. आणि लिहिलेलं परत वाचून दाखवलं. आजींनी चार ठिकाणी दुरुस्ती सांगितली, तेव्हा कागद पक्का झाला.

किंमत वाढवली. थोडी गिऱ्हाइकं गेली, थोडी राहिली.

मग एक व्यापारी आला. मोठी ऑर्डर देतो म्हणाला, पण माल सारखा हवा, म्हणून कृतीचा कागद आधी द्या. आमच्यात दोन तट पडले. एकीचं म्हणणं, कागदात काय ठेवलंय, पैसे बघा, पोरीची फी भरायचीय. दुसरीचं म्हणणं, कागद गेला की पुढच्या वर्षी तो दुसरीकडून करून घेईल. दोन संध्याकाळी वाद चालला. मी 'लिज्जत'चं उदाहरण सांगितलं. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. तिथे पीठ एका ठिकाणी मळतात, बायका ते घरी नेऊन लाटतात, म्हणून हजारो हातांचे पापड सारखे होतात. माल सारखा ठेवायला कागद बाहेर द्यावाच लागतो असं नाही. आम्ही घाटा एकाच जागी, आजींच्या देखरेखीखाली शिजवू आणि नमुना दाखवू, असं त्याला कळवलं. तो परत आला नाही.

त्या ऑर्डरीचे पैसे गेले हे खरं आहे. जिच्या मुलीची फी होती तिने मला तोंडावर सांगितलं, "ताई, तुमचा पगार चालू राहतो." मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण ते खरं होतं. फी गटाच्या बचतीतून कर्ज देऊन भरली. पण आमचा निर्णय चुकला का, हे मी अजून ठामपणे सांगू शकत नाही. तुमच्या गटावर अशी वेळ आली तर निर्णय तुम्हीच करा. फक्त तो करताना जिचं ज्ञान आहे ती बाई बैठकीत असू द्या, आणि तासांचा हिशेब समोर असू द्या.

२०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट आहे. वांगं कुठलं हे आता कागदोपत्री पक्कं झालं. पण ते काड्यांच्या जाळावर भाजून, सोलून, बडजीत ठेचणारी बाई कोण, ते लिहायचं काम दुसरं कुणी करणार नाही. ते आपलंच आहे.

आता मी थांबते आणि तुम्ही कामाला लागा. प्रत्येक गटाला कोरे कागद आणि पेन्सिली दिल्या आहेत. पाच भाग वर छापलेले आहेत. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला मध्ये बसवा, तिला तिच्या क्रमाने बोलू द्या, मध्ये 'साहित्य काय' असं विचारू नका. लिहून झालं की वाचून दाखवा.

आमच्या आजी आज आल्या आहेत, तिथे मागे खांबाजवळ बसल्या आहेत. त्या सगळ्या गटांत फिरणार आहेत आणि कागद ऐकणार आहेत. त्या पहिल्यांदा काय विचारतील, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.